मलमलीची शाल

लखनौत गयाबाई मेश्रामांना गयाबाई म्हणणारी मी एकटीच होते. चौक या जुन्या मोहल्ल्याच्या गल्ल्यांतली पोरं त्यांना ‘मौसी’ म्हणत, अमीनाबादच्या आमच्या ऑफिसात त्या ‘गयाजी’ होत्या आणि संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘हमारी एक समर्पित कार्यकर्ता’. नाव घालायला अहवालात जागा नव्हती अशातला भाग नाही. तो अहवाल मीच टाइप करत असे. अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोला त्यात अख्खं पान असे.

माझे यजमान हवाई दलात. बदलीच्या गावी दिवसभर भिंतींकडे किती बघत बसायचं, म्हणून मी ‘बालस्वर’ नावाच्या या संस्थेत टायपिस्ट म्हणून लागले. संस्था मुलांच्या हक्कांसाठी होती. ऑफिस कापडाच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली दिवसभर कापड फाडल्याचा टर्र आवाज आणि वर बालहक्कांवर चर्चा. पहिल्याच आठवड्यात एक सावळ्या, ठेंगण्या बाई जिना चढून आल्या आणि माझ्या मंगळसूत्राच्या वाट्यांकडे बघून म्हणाल्या, “तू मराठी होय ना वं?” मी हो म्हणायचा अवकाश, त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्या टाइपरायटरवरच ठेवला. “भाकर खाय. इथं सारे पुऱ्याच खातेत.”

त्या काटोलकडच्या. नवरा ईश्वर सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि संसार लखनौला आला. तो गेल्यावर गयाबाई परत गावी गेल्या नाहीत. चिनहटच्या एका खोलीत मुलाबरोबर राहायच्या. मुलाला मराठी समजे, पण उत्तर हिंदीत देई. त्यावरून त्यांचं रोजचं भांडण. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली शिलाई मशीनच्या झाकणावर मुलाची जुनी पुस्तकं. त्यातलं एकही रद्दीत द्यायची त्यांची तयारी नव्हती.

चौकात, चिकनकाम म्हणजे मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याचं भरतकाम करणाऱ्यांच्या वस्तीत, संस्थेचं एक केंद्र होतं. केंद्र म्हणजे एक खोली, एक फळा आणि गयाबाई. घरात सुई घेऊन बसणाऱ्या पोरी दुपारच्या दोन घटका तिथे येत आणि अक्षरं गिरवत. आमच्या ऑफिसातले लोक त्याला ‘अनौपचारिक शिक्षण’ म्हणायचे. गयाबाईंना हा शब्द आला की मस्तकात तिडीक जायची. “अनौपचारिक म्हंजे काय वं? यांच्या पोराइले शाळा अन् आमच्या पोराइले फळा! परीक्षा पाहिजे, लता. परीक्षेचा कागद हाती असल्याबिगर कोणी इचारत नाही.”

परीक्षेचं हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा रिक्षात सांगितलं होतं. सातवीच्या परीक्षेच्या दिवशी बापाने त्यांना संत्र्याच्या तोडीवर नेलं. मालकाचा ट्रक उभा होता, माणसं कमी होती. गयाबाईंनी दिवसभर संत्री तोडली आणि त्यांची वर्गमैत्रीण गीता तिकडे पेपर लिहीत बसली. पुढे गीता वस्तीतली पहिली मॅट्रिक झाली तेव्हा चौदा एप्रिलला मंडळाने तिला व्यासपीठावर बोलावून शाल पांघरली. गयाबाई खाली बायकांत, कडेवर पोर घेऊन उभ्या होत्या. “लाल शाल होती, लोकरीची. मले वाटे, एक पेपर देला असता तं माह्या अंगावर असती.” चाळीस वर्षांनंतरही हे सांगताना त्यांचा आवाज कडू होत असे.  

तर केंद्रातल्या पोरींपैकी एक तरी खऱ्या शाळेत बसवायची, हा त्यांचा हट्ट होता, आणि त्यांची नजर मेहनाजवर होती. अकरा-बारा वर्षांची किडकिडीत पोर. बाप क्षयाने अंथरुणाला खिळलेला. आई कनीज चिकनवर संसार ओढत होती. मेहनाजची सुई उत्तम आणि पाठांतर त्याहून उत्तम. जवळच्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंना गयाबाईंनी इतकं पिडलं की शेवटी त्यांनी हात टेकले. मागचा दाखला नसताना पोरीला सहावीत बसू दिलं, पण अट घातली. डिसेंबरातल्या सहामाहीचे सगळे पेपर द्यायचे आणि पास व्हायचं. एक जरी पेपर चुकला तरी नाव कमी.

“एकबी चुकत नाही,” गयाबाई म्हणाल्या. कनीजला त्यांनी शपथ घातली. मेहनाजला आमच्या ऑफिसातून परीक्षेचं पॅड नेऊन दिलं. पॅडच्या पाठीवर पोरीने स्वतःचं नाव शाईने कोरून काढलं. जुलै ते नोव्हेंबर ती एक दिवस चुकली नाही, आणि गयाबाई चौकात अशा चालायच्या की जणू सगळ्या गल्लीने त्यांना सलाम ठोकावा.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात ऑफिसात बैठक भरली. आमच्या संचालिका अरुणा रस्तोगी यांचा वर्षअखेरचा समारंभ ठरायचा होता. वर्षभर कोणी काही केलं असो वा नसो, डिसेंबरात समारंभ व्हायचाच. परदेशातले देणगीदार तेव्हा येत, दिल्लीचे मोठे अधिकारी येत आणि मुलांच्या हस्ते सरकारला मागणीपत्र दिलं जाई. अरुणाजींची जीभ लखनौची, साखरेत घोळलेली. त्यांनी विचारलं, “पिछली बार गेंदे की मालाओं ने मेहमान का कोट पीला कर दिया था. इस बार कुछ और सोचिए. गयाजी, आपके महाराष्ट्र में सम्मान कैसे करते हैं?”

इतक्या वर्षांत बैठकीत गयाबाईंना कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. त्या उभ्याच राहिल्या. “शाल ओढ़ाते हैं, मैडम. हमारे में जो लड़की पहली मॅट्रिक हुई ना, उसको बी शाल ओढ़ाए थे.”

“श्रीफळही देतात,” मी म्हटलं.

“नारळ-बिरळ राहू दे. शाल पुरे,” गयाबाईंनी मला मराठीत दटावलं.

“शाल!” अरुणाजींचे डोळे लकाकले. “और लखनऊ की शाल यानी चिकन. मलमल पर. कोने में हमारा निशान.”

आमचं निशाण म्हणजे पतंग उडवणारं मूल. सगळ्यांनी वाहवा केली. मलमलीची शाल, तीही डिसेंबरात! लखनौच्या धुक्यात ज्यांची हाडं कधी गारठली आहेत, त्यांना यातली गंमत कळेल. पण पाहुणे कोट घालून येणार होते, त्यांना शालीची ऊब कशाला हवी? गयाबाई मात्र त्या दिवशी फुलून गेल्या होत्या. जिना उतरताना मला म्हणाल्या, “माही गोष्ट मानली वं. पयल्यांदा.”

चिकनचं काम कसं चालतं हे त्या बैठकीत कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही; सगळे लखनौचेच होते. आधी मलमलीवर निळ्या कच्च्या रंगात ठसे उमटवून नक्षी छापतात. मग ते कापड व्यापाऱ्याकडून ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराकडून गल्लीतल्या घराघरांत जातं. बायका-पोरी ते भरतात. शेवटी धोबी धुतो, निळा रंग निघून जातो आणि पांढऱ्यावर पांढरं तेवढं उरतं. कोणत्या हातांनी भरलं याचा मागमूस राहत नाही. पण अरुणाजी फक्त व्यापाऱ्याशी बोलल्या. त्याच्या दुकानात गादी होती, चहा होता, आणि ‘हो जाएगा’ म्हणणारा माणूस होता.

सहामाही मंगळवारी सुरू व्हायची होती, समारंभ शनिवारी. आदल्या आठवड्यात मेहनाज शाळेत दिसेना. गयाबाईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या घरी धडकल्या. मला सोबत नेलं होतं. अंधाऱ्या खोलीत उजेडासाठी दाराच्या चौकटीला पाठ टेकून मेहनाज बसली होती, मांडीवर कापड, बोटात सुई.

गयाबाई कनीजवर कडाडल्याच. “शरम नाही आती? शपथ खाई थी ना तुमने? ऐन परीक्षा में लड़की को बिठा दिया!”

कनीजने लेकीच्या मांडीवरचं कापड उचललं आणि पसरून धरलं. कोपऱ्यात निळ्या रेघांत पतंग उडवणारं मूल होतं.

“आप ही के दफ्तर का काम है, मौसी,” ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, ती आपली थकलेली होती. “तीन हमारे घर आई हैं. ठेकेदार कह गया, शनिवार को बड़े साहब को ओढ़ानी हैं. मेरी आँखें अब महीन टाँका नहीं पकड़तीं. वापस कर दूँ तो आगे कोई कपड़ा नहीं देगा. आप बताइए, मैं क्या करूँ?”

 गयाबाईंचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. तिथून त्या थेट ऑफिसात गेल्या आणि अरुणाजींच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “मैडम, शाल रद्द करो. माला डाल दो, नहीं तो हाथ जोड़ दो.”

अरुणाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनी चष्मा काढून डोळ्यांचे कोपरे पुसले. मग म्हणाल्या, “गयाजी, हमने तो व्यापारी को काम दिया है, बच्ची को थोड़े ही दिया है. और देखिए, मंच से माँगपत्र मेहनाज ही पढ़ेगी. उससे अच्छा कौन पढ़ता है? ज़रा रटवा दीजिए.”

मी बाजूला बसून तेच मागणीपत्र टाइप करत होते. पहिलीच मागणी होती: कोणत्याही मुलाची शाळा कामापायी बुडू नये. माझ्या हातून एकाच ओळीत चार चुका झाल्या. इतका राग मला त्याआधी फक्त सासरच्या माणसांचा आला होता.

आता गयाबाईंनी जे केलं ते त्याच करू जाणोत. मंगळवारी सकाळी त्या कनीजच्या दारात हजर झाल्या, मेहनाजच्या हातून सुई काढून घेतली आणि तिला पॅड देऊन शाळेत पिटाळलं. “तू पर्चा लिख. तेरे हिस्से का मैं भरती.” आणि खरंच बसल्या. चिकन त्यांना येत नव्हतं, पण सुई हातात नव्यानं घेत नव्हत्या. जन्मभर गोधड्या शिवल्या होत्या. गोधडीचा टाका घालताना चार-सहा थर एकात एक बसवायचे असतात, म्हणून दर टाक्याला दोरा करकचून ओढतात. तोच हात मलमलीवर चालला. कनीज कळवळून म्हणायची, “मौसी, खींचिए मत,” आणि मी ऑफिसातून तिथे डोकावले की या मला मराठीत सांगायच्या, “ढिल्ला टाका उसवते, इले काय समजते!” मंगळवारी हिंदीचा पेपर झाला. बुधवारी गणिताचा. मेहनाज उड्या मारत घरी आली. सगळी गणितं सुटली होती. गयाबाईंनी तिला जवळ घेतलं, तिचं तोंड कुरवाळलं आणि पतंगाची शेपटी भरून संपवली.

संध्याकाळी ठेकेदार आला. त्याने दोन शाली घडी करून ठेवल्या, तिसरी उजेडात धरली आणि जमिनीवर फेकली. निशाणाभोवतीची मलमल सगळी चुण्यांनी आवळली होती. पतंग चुरगळलेल्या कागदासारखा दिसत होता.

“ये किसने किया?”

गयाबाई म्हणाल्या, “मैंने.” त्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून नवं छापलेलं कापड काढून कनीजच्या पुढ्यात टाकलं. “शुक्रवार शाम तक. धोबी रुका हुआ है. और इस बार लड़की से करवाना.” टाकलेली शाल मात्र उचलून नेली, मलमल वाया घालवणाऱ्यांतला तो नव्हता.

गुरुवारी विज्ञान होतं, शुक्रवारी इतिहास-भूगोल. दोन्ही दिवस मेहनाज दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसली. गयाबाई तिच्यासमोर होत्या, पण सुईला हात लावायची त्यांची छाती होईना. त्या पोरीकडून मागणीपत्र पाठ करून घेत होत्या.

शनिवारी कैसरबागेतल्या हॉलमध्ये समारंभ झाला. दिल्लीचे साहेब आले, देणगीदार आले. त्यांच्या कोटांवर शाली चढल्या. पांढऱ्यावर पांढरा पतंग, नाजूक, सुबक. मेहनाजने मागणीपत्र वाचलं. वाचलं कसलं, कागदाकडे न बघता खणखणीत म्हटलं. “हम बच्चे माँग करते हैं कि काम के कारण किसी की पढ़ाई न छूटे.” पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला.

मग अरुणाजींनी माइकवर जाहीर केलं की यंदा एका समर्पित कार्यकर्तीचाही सन्मान होणार आहे. गयाबाईंना हे सांगितलेलं नव्हतं. त्यांना हाताला धरून वर नेलं आणि साहेबांच्या हस्ते त्यांच्या खांद्यावर शाल पडली. मी खाली पहिल्या रांगेच्या कडेला होते, मला स्पष्ट दिसलं. कोपरा चुण्यांनी आवळलेला होता. घाईत धुतलेली ती शाल. त्या करकचलेल्या टाक्यांखाली निळ्या रेघा अजून तशाच होत्या. व्यापाऱ्याने हिशोबाबाहेर फुकटात पाठवलेली शाल कुणाच्या अंगावर घालायची, हे ऑफिसने बरोबर हेरलं होतं.

गयाबाईंनी मान खाली घालून कोपरा हातात घेतला. आयुष्यभर जिची वाट पाहिली ती शाल अंगावर आली होती. त्यांनी बोटाने त्या टाक्यांवरून एकदा हात फिरवला, आणि मग मेहनाजचा दंड धरून माइकपाशी गेल्या.

“साहब, इस बच्ची के दो पर्चे छूट गए. ये शाल भरने में छूट गए. मेरे को सन्मान नको. इसका पर्चा लिखवा दो. साहब, इतना कर दो.”

 टाळ्या पडल्या. मागच्या रांगांतले लोक उभे राहिले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मघाशी मुलांचं पथनाट्य झालं होतं, त्याचाच शेवट असावा. अरुणाजीही टाळ्या वाजवत होत्या, जरा जास्तच जोरात. साहेब पुढे झाले, त्यांनी मेहनाजच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, “हो जाएगा, बेटा. ज़रूर हो जाएगा.” कॅमेऱ्याचा झोत पडला. तोच फोटो पुढे अहवालात छापला. साहेब जेवून पाचच्या विमानाने दिल्लीला गेले.

सोमवारी सकाळी गयाबाई मला घेऊन शाळेत गेल्या. मोठ्या बाईंच्या हातापाया पडायचं त्यांनी ठरवलं होतं. पुरावा म्हणून शाल पिशवीत होती. धुकं इतकं दाट की शाळेचं फाटक समोर येईपर्यंत दिसलं नाही. फाटकाशी मेहनाज उभी होती. शाळेचा निळा कुर्ता, पांढरी ओढणी, स्वेटर नाही. छातीशी ते पॅड घट्ट धरलेलं. केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या.

“कब से खड़ी है?” गयाबाईंनी विचारलं.

“बड़ी देर से. चौकीदार अंदर नहीं जाने देता,” ती हसत म्हणाली. “आप बताइए ना उसको. साहब ने कहा था, हो जाएगा. कौन सा पहले होगा मौसी, विज्ञान का?”

गयाबाई आत गेल्या. मी तिच्याजवळ फाटकाशीच थांबले. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी शाल हातात घेऊन पाहिली, पाणी मागवलं, आणि म्हणाल्या की अट लेखी होती. नाव शुक्रवारीच कमी झालं. दिल्लीच्या साहेबांचा ना फोन आला ना चिठ्ठी. हे गयाबाईंनी मला नंतर सांगितलं. गयाबाई बाहेर आल्या. त्यांनी पिशवीतून ती शाल काढली आणि थरथरणाऱ्या पोरीच्या खांद्यांभोवती गुंडाळली, चांगली आवळून, गोधडीत लेकराला गुंडाळावं तशी.

मेहनाजने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला समजलं. ती रडली नाही. तिने शाल काढली, हवेत एकदा झटकली, ठेकेदाराला द्यायच्या कापडाची घालतात तशी चौकोनी घडी घातली आणि गयाबाईंच्या हातात ठेवली. घडीवर ते पॅडही ठेवलं.

“इससे ठंड नहीं जाती, मौसी,” ती म्हणाली. “मैं जाऊँ? घर पर नया कपड़ा आया है.”